टाकव्याचा वाफा

घरात डोहाळजेवणाची धांदल उडालेली, आणि कस्तुराबाई मात्र सकाळपासून मागल्या दारच्या वाफ्यात वाकून पानं उलटीपालटी करत होती. पानं कशी, तर तळहाताएवढी, हिरवीगार, तेल चोपडल्यागत. त्यांच्याखाली फळ म्हणाल तर औषधाला नाही. चारही वाफे पालथे घातले तेव्हा दोन स्ट्रॉबेऱ्या हाती लागल्या. एक बुलबुलानं अर्धी फस्त केलेली, आणि दुसरी बोराच्या बीएवढी, कच्ची, टणक.

"आता पोरीला काय दाखवू, माझं कपाळ?" ती पुटपुटली.

पोरगी म्हणजे नंदा, तिच्या भाच्याची, सोपानची बायको. तिला सातवा महिना लागला होता आणि तिसऱ्या महिन्यापासून एकच डोहाळा धरून बसली होती. चिंच नको, आवळा नको, भाजकी माती नको. इष्टाबरी पाहिजे. लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात आत्याबाईंनी ओंजळभर दिली होती, ती चव पोरीच्या जिभेवर जाऊन बसली ती बसलीच.

तसा हा डोहाळा काही जगावेगळा नव्हता. कस्तुराबाईचा बाप रखमाजी लोणावळ्यात साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. त्यानं तिथनं रोपं आणून तुंगार्लीच्या अंगाला, आपल्या घरामागच्या उतारावर लावली आणि मरताना लेकीच्या हवाली केली. दर हिवाळ्याला बंगलेवाल्यांच्या पाट्या इथूनच भरून जायच्या. आणि औंदा त्याच घरात, त्याच घरच्या सुनेचा डोहाळा अडला होता. का अडला ते ऐकलं तर हसावं का रडावं ते कळायचं नाही.

स्ट्रॉबेरीचं झाड पावसाळ्यात अंगातून लांब लांब दोरे सोडतं. दोऱ्याच्या टोकाला पिलू धरतं, ते जमिनीला टेकलं की मूळ धरतं. चांगली चांगली पिलं नव्या वाफ्यात लावायची आणि बाकीचे दोरे सरळ कापून टाकायचे, नाहीतर सगळा जोर पिलांत जातो आणि फळ धरत नाही. हे कस्तुराबाईला ठाऊक, तसं तिच्या भावजयीला, नंदाच्या सासूला, धोंडाबाईलाही ठाऊक. पण आश्विनात कस्तुराबाई विळा घेऊन वाफ्यात उतरली तशी धोंडाबाई पदर खोचून आडवी आली.

"वन्सं, इळा ठिवा खाली. घरात पोटुशी बाई हाय, आन् तुमी आईपासनं पिलं तोडताय? पोरीची आधीची दोन गेल्यात. औंदा एकबी पिलू तोडायचं न्हाई."

"वयनी, आवं झाडं हायेत ती!"

"झाडाला जीव नसतो व्हय?"

एरवी कस्तुराबाईनं असलं ऐकून घेतलं नसतं. नणंद-भावजयीचं भांडण म्हणजे त्या घरातलं रोजचं कोरड्यास; त्याशिवाय भाकरी उतरायची नाही. पण त्या दिवशी तिनं मुकाट्यानं विळा ठेवला. जिची कूस उजवली नाही तिनं पिलं तोडली, आणि उद्या नंदाचं पुन्हा काही झालं, तर? तोंडावर कुणी बोललं नसतं. पण सगळ्यांच्या मनात आलं असतं, आणि ते तिला भाकरी वाढताना प्रत्येकाच्या तोंडावर दिसलं असतं. त्या भीतीनं तिनं चार वाफ्यांचं रान होऊ दिलं.

"आत्याबाई, गावली का वो?" मागल्या दारात हिरवं लुगडं नेसून नंदा उभी होती.

"तू आत हो बगू. उन्हात हुबी ऱ्हाऊ नगंस."

"न्हाई ना गावली?" नंदा हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "ऱ्हाऊ द्या. माझी आपली जीभच वंगाळ."

पोटुशीनं मागावं आणि आपल्या हातून ते पुरं होऊ नये, यापरतं बाईमाणसाला दुसरं दुःख नाही. कस्तुराबाईनं ती दोन्ही फळं तशीच वाफ्यात टाकली आणि हात धुऊन आत गेली.

आत ओटीवर चाँदबी मणेरीण नंदाला हिरवा चुडा भरायला बसली होती. चाँदबी बांगड्यांची पेटी घेऊन मावळातली निम्मी गावं पायाखाली घालायची. कुणाकडं काय शिजलं ते तिला त्या घराच्या सुनेआधी कळायचं. शेवटची बांगडी चढवून तिनं नंदाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, आणि मग कस्तुराबाईकडं न बघताच म्हणाली,

"कस्तुराबाई, वाकसईपाशी एक गाडी गाठ पडली. टाकव्याची हाय. तुमची सासू हाय गाडीत, मुक्ताबाई. हिकडंच यायला निगाल्यात."

पुरण वाटणारी धोंडाबाई वरवंटा हातात धरून तशीच राहिली.

या घरात टाकव्याचं नाव कुणी काढायचं नाही, असा कस्तुराबाईचा दंडक होता. टाकवे बुद्रुकच्या हौशीरामाला ती दिली होती. आठ वर्षं नांदली. मूल झालं नाही. मग एक दिवस हौशीरामानं तिला गाडीत बसवलं, "चार दिस म्हायेरी ऱ्हाऊन ये" म्हणाला. ते चार दिवस अजून सरले नव्हते. महिन्याभरात त्यानं दुसरं लग्न केल्याची बातमी आली. ती बातमीही चाँदबीनंच आणली होती, आणि पुढच्या खेपेला तिनं पुन्हा टाकव्याचं नाव काढलं तेव्हा कस्तुराबाई कडाडली होती, "त्या गावाचं नाव काडायचं असंल तर माझा उंबरा वलांडू नगंस." चाँदबीनं त्यानंतर तोंड शिवून घेतलं.

भिमाजी, कस्तुराबाईचा थोरला भाऊ, बैल बांधून आला आणि त्यानं ऐकलं तसा पेटलाच. "येऊ द्या. पानीबी मिळायचं न्हाई!"

"आवं, आज घरात शुभकार्य हाय," धोंडाबाई म्हणाली. "दारात आलेल्या मानसाला पानी न्हाई म्हनू नगा."

पाणी दिलं. मुक्ताबाई ओटीवर टेकली. म्हातारी पार खंगली होती, कानानंही गेली होती. तिच्याशी ओरडून बोलावं लागे. तिच्या मागं आठ-नऊ वर्षांची एक पोरगी उभी होती, डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी. पाटी खाली ठेव म्हटलं तर ठेवेना.

कस्तुराबाई माजघराच्या दाराआड उभी राहिली. पोरीचे डोळे थेट हौशीरामाचे होते, हे तिनं पहिल्या नजरेत टिपलं आणि आपण ते का टिपलं म्हणून स्वतःवरच चिडली.

"धाकली सून गेली, सरू," मुक्ताबाई म्हणाली. "श्रावनात. भाताची आवनी झाली आन् ताप आला, त्यो उतरलाच न्हाई. ही अंबू, आन् हिच्या पाटचा एक हाय, दोन सालाचा. माझ्यानं आता न्हाई वो हुईत, भिमाजी. कस्तुराला धाडा."

"धाडा?" भिमाजी म्हणाला. म्हातारीला ऐकू जावं म्हणून नव्हे, आतनंच त्याचा आवाज चढला. "मावशी, टाकताना चार मानसात विचारलं न्हाईत. आन् आता भाकरी थापाया कोन न्हाई, तवा माझी भन आठवली? मोलकरीन बगा की एकांदी!"

"तुमी बोला, भिमाजी. आमी ऐकून घ्यायचंच काम केलंय."

"त्यो कुटं हाय? हौशीराम?"

"खाली वडाखाली, गाडीपाशी. वर यायला त्याला तोंड न्हाई."

"नसंलच!"

"म्या काय म्हन्ते," धोंडाबाई मधेच बोलली, "जाऊ द्या की वन्संना. कसं का असंना, बाईला आपलं घर ते आपलं. भावाच्या दारात जल्म काडायचा का?"

दाराआड कस्तुराबाईच्या काळजात कळ आली. इतकी वर्षं या बाईबरोबर एका चुलीवर काढली, एका जात्यावर दळलं, आणि ही एवढ्या सहज जाऊ द्या म्हणते!

पण खरी कळ ती नव्हती. खरी गोष्ट अशी की जायची इच्छा तिलाच झाली होती. दोन सालाचं पोर म्हटल्याबरोबर तिचे हात ते उचलून घ्यायला आसुसले होते. शेजारपाजारची लेकरं मांडीवर झोपली की ती पाय आखडले तरी हलायची नाही. आणि तिकडं कुणाच्याच मांडीवर नसलेलं एक लेकरू होतं. हे सगळं खरं. पण ज्या माणसानं हात धरून गाडीत बसवून काढून दिलं, त्याच्या दारात आपल्या पायानं परत जायचं? लोक काय म्हणतील ते राहू द्या. तिचं तिलाच ते थुंकलेलं चाटल्यासारखं वाटत होतं.

ती बाहेर आली. मुक्ताबाईच्या पाया पडली नाही. म्हणाली, "सासूबाई, मी यायची न्हाई."

म्हातारीनं ते ओठांवरून वाचलं असावं. तिनं मान खाली घातली. "बरं. मग आमी आनलंय तेवढं तरी घ्या. अंबे, ठिव ती पाटी. तुजी आई म्हनली व्हती ना, त्येंच्याच हातात द्यायची?"

पोरगी पुढं आली. डोक्यावरची पाटी तिनं कस्तुराबाईच्या पायापाशी ठेवली आणि फडकं काढलं.

पाटीत भाताच्या पेंढ्याचा थर, पेंढ्यावर स्ट्रॉबेऱ्या. लाल, पिकलेल्या, एकीला दुसरीचा धक्का लागू नये अशा मांडलेल्या. टोकाला निमुळत्या, देठाशी पांढरी कड. कस्तुराबाईनं खाली बसून एक हातात घेतली, उलटून बघितली. ही जात तिच्या बापाची होती. दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात तिनं ती कधी पाहिली नव्हती.

"अगं बाई!" नंदाच्या तोंडून निघालं.

"कुटनं आनल्या ह्या?" कस्तुराबाईनं विचारलं.

"आमच्या परसातल्या," अंबू म्हणाली. "मोरीचं पानी जातं तितं वाफा हाय. तुमीच लावलाय न्हवं?"

लावला होता. लग्नात बापानं रुखवतात लाडूंच्या शेजारी ओल्या पेंढ्यात गुंडाळलेली रोपं ठेवली होती, तेव्हा वऱ्हाडी हसले होते. कस्तुराबाईनं ती टाकव्याच्या परसात लावली. गाडीत बसली त्या दिवशी त्यांना पाणीही घालून निघाली होती, चार दिवस निभाव लागेल एवढं. मग ती मेली असतील असं तिनं धरलं. स्ट्रॉबेरीचं झाड काही आंब्याचं नव्हे की लावलं आणि विसरलं. दर सालाला पिलं काढून नव्यानं लावावं लागतं, नाहीतर दोन-तीन सालांत वाफा मरतो.

"कोन लावतं पिलं?"

"आई लावायची. औंदा मी लावली."

"आन् दोरे?"

"दोरे आई कापायची. धाकटा पोटात व्हता तवाबी कापायची. आज्जी लय वरडायची तिला."

धोंडाबाईच्या हातातलं सूप खाली आलं, तांदूळ सांडले. "पोटुशी असताना?"

"मी वरडले की!" मुक्ताबाईला एवढं बरोबर ऐकू गेलं. "म्हनलं, सरू, पिलं तोडू नगं, पाप लागंल. तर म्हन्ते कशी, थोरलीचा वाफा हाय, त्यो माझ्या हातनं मेला तर त्ये मोटं पाप. कुनाचं ऐकनारी न्हवती ती."

"तिला कुनी शिकवलं हे?" कस्तुराबाईनं विचारलं.

कोपऱ्यात बांगड्यांची पेटी बांधत बसलेली चाँदबी आता वर बघून बोलली. "मी शिकवलं. तुमच्या हितं बगायची, तितं जाऊन सांगायची. पयल्याच साली तिनं मला इचारलं, ही झाडं कशी जगवायची, त्येंना इचारून या. मी तुमाला सांगाया आले व्हते, कस्तुराबाई. तुमी माझं तोंडच बंद केलंत. दर हिवाळ्याला ती म्हनायची, फळं पिकल्यात म्हनून सांगा त्येंना. मी कुन्या तोंडानं सांगू?"

कस्तुराबाईला रागही येत होता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ज्या बाईला तिनं इतकी वर्षं मनोमन शिव्याशाप दिले, ती बाई तिच्या बापाची रोपं जपत बसली होती.

नंदा पाटीपाशी येऊन बसली. मागितलं नाही तिनं, पण तिची नजर फळांवरून हलेना. कस्तुराबाईनं त्यातली सगळ्यात पिकलेली उचलली.

"वन्सं, थांबा," धोंडाबाई घाईनं म्हणाली. "मेल्या मानसाच्या हातची लावलेली... आन् तुमी..." पुढचं तिनं गिळलं, पण गिळलेलंही सगळ्यांना ऐकू गेलं.

कस्तुराबाईचा हात जागीच थांबला. तेवढ्यात नंदानं नव्या हिरव्या बांगड्या वाजवत तिचं मनगट धरलं, तोंडापाशी नेलं आणि फळ अख्खं तोंडात घेतलं. रस हनुवटीवर ओघळला. तिनं डोळे मिटले.

"आंबट हाय," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "आनिक द्या."

एक, दोन, ओंजळभर खाल्ल्या तिनं, सगळ्या कस्तुराबाईच्या हातून. खाता खाता पोटावर हात ठेवला, "आत्याबाई, लाथ मारली बगा!" म्हणाली, आणि कस्तुराबाईचा हात ओढून तिथं ठेवला. धोंडाबाई बघत होती. तिनं सांडलेले तांदूळ सुपात भरले, वर नारळ आणि खण ठेवला आणि सूप नणंदेपुढं सरकवलं.

"पयली वटी तुमी भरा," ती म्हणाली. "माझं काय, मी येडी हाय."

कस्तुराबाईनं सूप उचललं आणि नंदाची ओटी भरली.

भिमाजी खांबाला टेकून उभा होता. आता घसा साफ करून म्हणाला, "कस्तुरे, तुजं तू बग. तुला जावंसं वाटत असंल तर मी आडवा येनार न्हाई."

"आसं कसं तुजं तू बग?" धोंडाबाई एकदम उसळली. "अपमान करून काडलं ह्येंना! आन् पाटीभर फळं आनली की सोडायची?"

"मगाशी तूच म्हनलीस, जाऊ द्या."

"म्हनले असंल! दिवसातनं धा गोष्टी म्हन्ते मी, समद्या खऱ्या धरताय का? ह्या गेल्यावर मी भांडू कुनाशी? भितीशी?" आणि एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडायलाच लागली. चुलीवर पोळी करपल्याचा वास आला तरी उठली नाही.

कस्तुराबाई अंबूला म्हणाली, "धाकट्याला कुनापाशी ठिवून आलाय?"

"शेजारी. रातचा उटून रडतो त्यो. आज्जीला ऐकू येत न्हाई. मीच घेते, पर माझ्याच्यानं त्यो गप हुईत न्हाई."

कस्तुराबाई उठली. माजघरात गेली. दोन लुगडी गाठोड्यात बांधली, देवापुढं डोकं टेकलं. बाहेर आली तेव्हा गाठोडं बघून सगळ्यांना कळलं. नंदानं मिठी मारली. कस्तुराबाई तिला म्हणाली, "बाळंत झालीस की निरोप धाड. आन् चाँदबी, निरोप आनशील का गं?" चाँदबीनं मान हलवली.

"वन्सं," धोंडाबाई दारातून ओरडली, "न्हाई पटलं तर दुसऱ्या दिशी निगून या. भाऊ हाय, मी हाय!"

पायवाट उताराची होती. म्हातारीला भिमाजीनं हाताला धरलं होतं. पुढं कस्तुराबाई आणि अंबू. रिकामी पाटी पोरीनं डोक्यावर पालथी घातली होती. कस्तुराबाईच्या मनात सारखं येत होतं की या पोरीनं आपल्याला काय म्हणावं? आई म्हण म्हणायचं तर तिची जीभ रेटेना. खाली वडाखाली गाडी दिसायला लागली, आणि गाडीपाशी उभा राहिलेला एक माणूस, डोक्याचे केस पिकलेला.

मग अंबूच म्हणाली, "तुमी का न्हाई आला?"

"कवा?"

"कवाच न्हाई आला. आई दर सालाला पयली पाटी काडून ठिवायची. म्हनायची, औंदा येतील. मऊ पडल्या की मग आमाला द्यायची. तुमी आलाच न्हाई."

यावर खोटं काय बोलणार? कस्तुराबाईनं खरं तेच सांगितलं. "मला वाटलं बाई, तितं आता माजं कोन न्हाई."

पोरगी थांबली. तिनं मान वर करून कस्तुराबाईकडं बघितलं. तिला खरंच समजत नव्हतं.

"आई व्हती की," ती म्हणाली.

कस्तुराबाई वाटेतच खाली बसली. तिच्या तोंडून हंबरडा निघाला तो असा की वरच्या शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली. हौशीराम घाबरून धावत वर आला, तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि चाचरत म्हणाला, "ऊठ. गाडी जुपलीय."

"थांबा जरा," ती म्हणाली. "मला रडू द्या. ती गेल्याचं मला आजच कळलंय."